आज गैरहजर का?

हॅलो?… हां, ताईच बोलतेय, बोल… जुलाब? तुझ्या पिल्लूला? कधीपासून?… कालपासून! आणि आत्ता सांगतेस?

काल शाळेतून क्लार्कबाईंचा फोन आला असेल ना, गैरहजर का म्हणून?… मग काय सांगितलंस?… मामाकडे गेलाय? अगं, दोघीच बहिणी आपण, भाऊ कुठून आणलास?

नाही, रागावत नाहीये. हो, हो… अगं ऐक ना. मीही हसायचेच की त्यांना. रोज दहाच्या ठोक्याला गैरहजर पोरांच्या घरी फोन. काय होतंय, कधीपासून, सगळं वहीत. मी चौकशीखातं म्हणायचे… हो, तोंडावर! त्या हसायच्या आणि विचारायच्या, ताप किती?

काल आमची चिमी जुलाबाने आडवी. मी खरं ते सांगितलं. अकरापर्यंत बाईंच्या वहीत जुलाबाची नऊ पोरं! पत्ते पाहिले, तर नऊच्या नऊ आमच्या गल्लीतली. त्यांनी तिथूनच आरोग्य खात्याला फोन लावला… डॉक्टर कसल्या गं, साध्या क्लार्क! दुपारच्या जेवणाआधी आमचे नळ बंद, दारात टँकर, घरोघरी जलसंजीवनीची पाकिटं. चिमी आज उठून भांडतेय माझ्याशी. मी तर मनातल्या मनात पाया पडले बाईंच्या.

तुमचे नळ?… चालू असणारच! तुमच्या गल्लीतून एकही नाव गेलं नाही ना… काय? शेजारणीनेही लपवलं? लग्नाला गेलेत म्हणाली? धन्य आहात!… हो, लोक काय म्हणतील. लोक तेच पाणी पिताहेत, बाई माझे!

रडू नकोस. आधी भरलेलं पाणी ओतून दे. पिल्लूला लघवी कधी झाली?… आठव नीट… सकाळपासून नाही? फोन ठेव, त्याला थेट दवाखान्यात ने, मीही निघते…

कोण आलंय दारात?… क्लार्कबाई? स्वतः?… अगं, आपण दोघीही त्याच शाळेत शिकलो, बाईंच्या डोळ्यांसमोर. आपल्याला भाऊ नाही हे त्यांना ठाऊक नसेल होय?… लाज कसली? मामाचं त्या काही विचारणार नाहीत, पोराचं विचारतील. दार उघड आणि आहे ते सांग… आणि हे बघ, शेजारणीच्या पोराचंही सांग. ठेवते मी.