पेल्टनची नगराध्यक्ष, वस्ती एक्केचाळीस

…आणि उभी राहिले असते तर एक वेळ मान्य केलं असतं हो! पण मी उभीच नव्हते! तुम्हाला सांगते, उभी राहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मी आडवी होते! तिकडे केअर्नी शहरातल्या दवाखान्यात, गुडघा बदलून, पाय उशांवर चढवून. नर्स येते, म्हणते, "तुमच्या गावाहून फोन आहे." मी म्हटलं, झालं, मांजर गेलं. तर पलीकडे वर्लिन. वर्लिन म्हणजे गावातला एकुलता एक बार चालवतो तो, आणि गावचा कारकूनही तोच, आणि कुठे आग लागली तर बंबही तोच काढतो. तो आधी खाकरला. मग म्हणतो, "लव्हॉन, अभिनंदन. तू नगराध्यक्ष झालीस."

नगराध्यक्ष! गुंगीचं औषध मला दिलं होतं की त्याला?

म्हटलं, "अरे, मी उभीच नव्हते!"

"कुणीच उभं नव्हतं," म्हणतो, "मतपत्रिकेवर जागा कोरी होती. लोकांनी हाताने नाव लिहिलं. एकोणीस मतं पडली, सतरा तुला."

"आणि उरलेली दोन?"

"एक वाचता नाही आलं. आणि एक माझ्या कुत्र्याला."

म्हणजे बघा! एकाहत्तराव्या वर्षी कुत्र्याला पाडून निवडून आले मी!

पण मीच का? तर म्हणे सगळे बारमध्ये जमले होते, जो तो म्हणत होता मी नाही बाबा, मी नाही बाबा, आणि मग आमची डार्लीन, पोस्टाच्या शेजारची, तिचा तो आवाज, बाटलीत माशी अडकल्यासारखा, "अहो, जी इथे नाहीये तिचंच लिहू या की! ती नाही कशी म्हणणार?" आणि पटलं हो सगळ्यांना! वर वर्लिन मला समजावतो, "शिवाय तू एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीस. अर्धं गाव तुझ्या बसमधून शाळेत गेलंय. तू नुसतं आरशात बघितलंस तरी लोक अजून खाली बसतात." ही यांची लोकशाही!

आणि गाव तरी केवढं? वेशीवर पाटी आहे, वस्ती एक्केचाळीस. पाटी खोटं बोलते. त्यातली दोन माणसं चर्चच्या मागे पुरलीत, एक वृद्धाश्रमात आहे आणि तिला वाटतं ती शिकागोत आहे. हेंड्रिक्सची सहा पोरं आहेत म्हणून आकडा तरी दिसतो, नाहीतर पाटीवर नुसती नावं लिहिली असती तरी मावली असती!

तर पंधरा दिवसांनी घरी आले. दारात बघते तर काय, गावच्या कचेरीच्या किल्ल्यांचा हा एवढा जुडगा अडकवलेला, आणि खाली चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं. आमच्याकडे माणूस मेला की असं भांडं आणून ठेवतात! मी तशीच वॉकर आपटत वर्लिनकडे. म्हटलं, "माझा राजीनामा घे."

"मी नाही घेऊ शकत. राजीनामा नगराध्यक्षाकडे द्यायचा असतो."

"नगराध्यक्ष कोण आहे?"

"तू."

"मग दिला मी मला!"

"मंजूर करावा लागतो, गावच्या मंडळात. आणि मंडळच पुरं नाहीये," असं म्हणून त्याने जिल्ह्याचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. मी वाचलं आणि तुम्हाला सांगते, तिथेच स्टुलावर बसले. मंडळात पाच माणसं पाहिजेत, आमच्याकडे चारच. मी, डार्लीन, आणि क्लाइड आणि मर्ना हे नवरा-बायको. जानेवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत पाचवं माणूस नेमलं नाही तर गाव बरखास्त! कंपनी बरखास्त होते, सैन्य बरखास्त होतं… गाव कसं बरखास्त होतं हो?

जिल्ह्याच्या बाईला फोन लावला. गोड आवाज, मध लावून बोलत होती. विचारलं, "बाई, मग आम्ही जायचं कुठे?"

"कुठेच नाही जायचं. तुम्ही तिथेच राहाल. फक्त ते पेल्टन नसेल."

"मग काय असेल?"

"ग्रामीण भाग."

ऐकलंत? माझे आईबाप पेल्टनमध्ये पुरलेत, आणि ही बाई म्हणते ग्रामीण भागात! आणि आमची पाण्याची टाकी? रस्त्यावरचे चार दिवे? "ते जिल्हा बघेल," म्हणते. आमचा ओढ्यावरचा पूल जिल्हा नऊ वर्षं बघतोय. नुसता बघतोय!

मग निघाले दारोदार. मी, जी उभीच नव्हते, ती आता दुसऱ्याला उभं करायला! हेंड्रिक्सची बाई दारातच म्हणाली, "लव्हॉन, माझ्या घरातच मंडळ आहे, सहा जणांचं, आणि रोज गोंधळ." जुना मेकॅनिक म्हणाला, "मला कमी ऐकू येतं." म्हटलं, "मंडळासाठी ते उत्तमच!" तर म्हणतो, "काय?" एकाने तर दिवे मालवले हो, मी अंगणात उभी असताना, भर दुपारी! परत वर्लिनकडे आले. त्याने यादी काढली, एकेक नाव खोडत गेला, आणि शेवटी पेन्सिल थांबली. वर बघेना माझ्याकडे.

"कोण उरलंय?"

"रागावू नकोस."

"वर्लिन, कोण?"

"एल्डन."

एल्डन! माझा नवरा! म्हणजे होता. बावीस वर्षांपूर्वी सोडला मी त्याला. सोडला म्हणजे काय, एवढ्याशा गावात सोडून जाणार कुठे? समोरच्या घरात राहायला गेले. बावीस वर्षं रस्त्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो, आणि शब्द नाही. चर्चमध्ये मी उजवीकडे, तो डावीकडे. मला हिरवा रंग आवडत नाही म्हणून घराला हिरवा लावला मेल्याने, दोनदा!

तरी गेले. रस्ता बर्फाने गुळगुळीत, वॉकर घसरतोय, आणि मला ठाऊक होतं, खिडक्या-खिडक्यांतून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बघतायत, थडग्यातले दोघंसुद्धा! दार वाजवलं. उघडलं.

"एल्डन."

"लव्हॉन."

बावीस वर्षांतलं आमचं सगळ्यात लांब बोलणं हे!

म्हटलं, "गाव बरखास्त होतंय."

"ऐकलं."

"मंडळावर येतोस?"

त्याने माझ्या पायाकडे बघितलं. "कुठला गुडघा?"

"डावा."

"मला वाटलं होतं उजवा जाईल. ब्रेकवर तोच असायचा." आणि मग, "येईन. पण तू म्हणशील म्हणून हात वर करणार नाही."

"नकोच करूस!" म्हटलं, आणि वळले, आणि त्याने पायरीवर मीठ टाकलं हो, बर्फ वितळायला, मी उतरण्याआधी.

तर जानेवारीचा पहिला सोमवार. अग्निशमनाच्या गॅरेजमध्ये सभा, बंब बाहेर काढून टेबल मांडलेलं, पातेलंभर चिली, म्हणजे आमचं राजमा-खिम्याचं कालवण, आणि दालचिनीचे रोल. अख्खं गाव हजर. एल्डनने शपथ घेतली, पाच पुरे झाले, वर्लिनने जिल्ह्याला फोन करून सांगितलं, पेल्टन पेल्टनच राहणार! टाळ्या. मर्ना रडली. म्हटलं, झालं माझं काम, आता सुटका. उठून म्हणाले, "मी सभासद राहते, पण ही अध्यक्षपदाची खुर्ची डार्लीनला द्या." डार्लीनशी आधीच ठरवलं होतं, ती तर एका पायावर तयार, सभेला गप्प करायला शिटीसुद्धा विकत घेतलीन!

मत घेतलं. डार्लीनचा हात वर, माझा वर. क्लाइड आणि मर्ना विरोधात, त्यांना डार्लीनची भीती, त्यांच्या कोंबड्या तिच्या अंगणात जातात. दोन विरुद्ध दोन. उरला एल्डन. मी निश्चिंत! म्हटलं, या माणसाला माझ्या हाताखाली बसायची काय हौस? हा आनंदाने मला उठवणार! मी कोटाची बटणं लावायलासुद्धा लागले.

"एल्डन?" वर्लिनने विचारलं.

"माझा विरोध."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "अरे, विरोध म्हणजे मी राहते! कळतंय का तुला?"

"कळतंय," तो म्हणाला. टेबलाकडेच बघत होता. "मागल्या वेळी, बावीस वर्षांपूर्वी, तू आपल्या टेबलावरून उठून गेलीस, तेव्हा मला कुणी मत विचारलं नव्हतं. आज विचारलंय."

तुम्हाला सांगते, चिली ढवळणारा चमचा थांबला. हेंड्रिक्सची सहाच्या सहा पोरं गप्प! डार्लीनची शिटी तोंडात, पण वाजेना. आणि मी… मी एकतीस वर्षं दोन गावांच्या पोरांना गप्प बसवणारी बाई, लावलेलंच बटण पुन्हा लावत उभी!

वर्लिनने पेन उचललं, हळूच वाकला. "अध्यक्षबाई… हे नोंदीत लिहायचं का?"

कोटाची बटणं सोडली, बसले.

"लिही," म्हटलं. "आणि पुढचा विषय घे. कोंबड्या."