पंगतीत बसलेलं लिव्हर

...आणि वर गाववाले मलाच विचारतात, "हिंमतराव, कधीपासून लपीसन पेतस?" मी अन् लपून पिणार! आता काय बोलावं! तुम्हाला सांगतो, आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलो नाही हो! गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष मी... अन् लिव्हर माझंच खराब!

शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी बरगडीवर मशीन टकटक वाजवलं. म्हणाल्या, "काका, लिव्हरवर वण पडलेत." म्हटलं, बाई, मी तर कुठे पडलोही नाही! तर म्हणतात, "आत चरबी साचली, सूज आली. सूज हटेना, म्हणून तिथल्या झोपलेल्या पेशी जाग्या झाल्या अन् चिवट धागे विणत बसल्या. मऊ लिव्हर राठ होत चाललंय. पुढची पायरी सिरोसिस." बाप रे! म्हणजे मी इकडे केळीला पाणी देतोय अन् आत यांचं विणकाम जोरात? घामच फुटला हो! औषध मागितलं. "नवी औषधं आहेत, पण आधी वजन उतरवा. गोड बंद, तळलेलं बंद, रोज चाला. आत्ताच ऐकलंत तर वण मागे हटतील." अन् नाही ऐकलं तर? बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली! तेव्हापासून उचललेला घास ताटात परत ठेवतो... मरायची भीती वाटते हो, खोटं कशाला सांगू?

त्यात गावातल्या भाईदासच्या पोरीचं लग्न. पंगतीत स्वतः भाईदास जिलबीचं ताट घेऊन माझ्यापुढे! "मन्ही पोरनं लगीन शे, अन् तुम्ही गोड नही खातस? एकच लेवा, मन्हा गळानी आन!" गळ्याची शपथच घातली! म्हटलं, लिव्हर खराब आहे रे. झालं! सगळी पंगत माझ्याकडे बघून हसायला लागली. अहो, थेंबाला शिवलो नाही हो! पण ऐकतो कोण? एक जण हात धरतो, दुसरा जिलबी तोंडात कोंबतो, अन् मला पोटात धागे दिसायला लागले. सगळं बळ एकवटून ओरडलो, "हो, पितो! रोज पितो!"

धरणाऱ्यानं माझा हात सोडला. बायको निर्मला डोक्यावर पदर घेऊन उठूनच गेली. भाईदासनं जिलबी ताटात परत ठेवली, पाठीवरून हात फिरवला, चारचौघांत नको म्हणून कानात म्हणाला, "आठे नका बोलू भाऊ... जपा तब्येतले."

अध्यक्षपद गेलं. जाऊ द्या! गोडाचा आग्रह तरी सुटला. पण आता रोज संध्याकाळी गावातले दोघं-तिघं पिणारे दारात उभे, "चला भाऊ, बसूत!" हात जोडून सांगतो, बाबांनो, लिव्हर खराब आहे माझं!

तर म्हणतात, "आमनंबी शे, चला!"