दर गुरुवारी सिल्लोड

सिल्लोडच्या एसटीत पद्मजाच्या शेजारी बसलेल्या सरूबाईंनी कंडक्टरपुढं आधार कार्ड धरलं.

“पंच्याहत्तर पूर्ण. आजी, तुम्हाला प्रवास फुकट.”

“फुकट म्हणू नको. जन्मभर तुमच्या गाडीचे हिसके सोसले, बक्षीस म्हण.”

पद्मजा हसली. “पंच्याहत्तरच्या वाटत नाही हो.”

“नायच मुळी! जन्मतारीख कुणाला ठाऊक? कार्डवाल्यानं अंदाजानं एक जानेवारी ठोकली, मला म्हातारी करून टाकलं. लई शिव्या घातल्या त्याला.”

“आणि आता?”

“आता दुवा देते. सिल्लोडला थोरली बहीण अंथरुणाला खिळलीय. पोराला भाडं न मागता दर गुरुवारी जाते, तिची वेणी घालते.”

“त्यांना सून नाही?”

“हाय की, गुणाची. पण सुनेनं घातलेली वेणी बहीण गुरुवारी उजाडताच सोडून ठेवती.”