उभ्याने निंदणी

थांबा लीलाधर आबा, गाडी सुरू करू नका, आधी ऐकून घ्या — निंदणी बंद कुठे आहे? चालूच आहे. बायका उभ्या दिसल्या म्हणून तुम्हाला असोद्याच्या रस्त्यावरून वाटलं, गप्पा चालल्यात. तुमची नजरच तशी — वांग्यांच्या वर पाठी दिसल्या की काम चालू, तोंडं दिसली की बंद! या ना, सरीत उतरा, गवत मुळासकट निघालंय की नाही ते बघा. नाही यायचं? मग ओरडलात कशाला?

हे? हे खुरपंच आहे, तुमचंच. मी लोहाराकडून सगळ्यांच्या खुरप्यांची पाती वाकवून घेतली आणि बांबूचे दांडे बसवले, छातीपर्यंत येतील असे. एक पाय पुढे, पाठ सरळ, मधूनमधून हात बदलायचा — एकाच बाजूवर भार नको. गवताची पाटीसुद्धा अर्धीच भरायची, गुडघे वाकवून उचलायची, अंगाशी धरायची. हसा, हसा. कॉलेजचं शहाणपण म्हणे! कॉलेजात वांग्यावरची अळी शिकवतात आबा, वांगी निंदणाऱ्या बाईला कंबर असते हे कुठल्याच पेपरात येत नाही. आणि फवारणी करून तुमच्या प्रेमराजचा खांदा दुखला तेव्हा बॅटरीचा पंप कोणी आणला? तुम्हीच ना? त्याला कोणी आळशी म्हणालं? मग आमच्या दांड्यानेच तुमचं काय घोडं मारलं?

काय म्हणालात — माझ्या आईकडून शिकायचं? लताबाई मान वर करत नाही, पोरगी मात्र भाषण देते? करत नाही ना मान वर! का करत नाही, विचारलंत कधी? तिला उठताच येत नाही, आबा. तुमच्या गाडीचा आवाज आला की आम्ही दोघीजणी तिला काखेत धरून सरीत बसवायचो, आणि तुम्ही वळलात की तसंच धरून उठवायचो. तुम्ही म्हणायचात, अशी बाई गावात नाही — अन् ती कळ दाबून हसायची, आणि आम्ही —

…बोलायचं नव्हतं हे. बोलले. आता बोलले तर बोलले.

नाही. घरी बसव म्हणू नका. दुखणाऱ्या बाईला घरी पाठवायचं, नवी आणायची, तिचीही कंबर मोडायची — हे नाही चालणार. आज सकाळपासून ती दांड्याने निंदतेय, कोणाचा हात न धरता. सकाळी मलाच म्हणत होती, "मले लाज वाटते माय, मालकापुढे उभं राहून निंदाची." लाज! कंबर तिची गेली आणि लाजही तिलाच! तिला काढलंत तर आम्ही सगळ्या जाऊ. विचारा हवं तर. दीपमाला मावशी, सांग ना. मेघा, तू सांग. बोला की गं — बरं, नका बोलू, पण खाली बसू नका. बघा आबा, एकही बसली नाही. आणि आई तर तुमच्या तोंडावर उभी —

आई! अगं, दांडा का टाकलास? कधी बसलीस तू? आबा आले म्हणून? थांब, वळू नको, तशीच राहा, आले मी —

हात नका देऊ, आबा. जा तुम्ही. तुमच्यासमोर ती उठणार नाही.