ठिणगी न उडणारी जोडणी

वसमतच्या फलाटावर, उतरत्या पिवळ्या उन्हात दोघे बोलत होते: हैदराबादहून परतलेले वीजमिस्त्री बद्रुद्दीन आणि कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगचे मालक किसनराव.

"मिस्त्री, पेटंट भेटलं का?"

"न्हाई, मालक. साहेब म्हणले, वस्तू नवी पायजे. लोकांनी आधीच वापरलेली चालत न्हाई."

"तुमची तारांची जोडणी नवीच की! ठिणगी उडत न्हाई, कापूस पेटत न्हाई."

"व्हय. पण जमली त्या दिवशी अल्लाच्या नावानं नियाज केली, अन् समद्या जिनिंगला एकेक वाटून टाकली."

"अर्जाच्या आधी? काहून?"

"पहिलं पीक वाटूनच खातात ना? साहेबाला बी तसंच सांगितलं. आता कुणीबी बनवावी म्हणले."

"मग तोंड पाडून काहून बसले? आमी उद्याच कारखाना काढतो. बनवायला तुमालाच ठेवू. दुसऱ्या कुणाला जमतंय?"