बाबा म्हणतात, स्टार्टर गेला

हॅलो?… हां आई, बोल… थांब, कंप्रेसर बंद करते, काही ऐकू येत नाही… हां. आता बोल.

गाडी चालू होत नाही? आज?… अगं, आज बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन! अकराला बोलावलंय ना?… हो, हो… आई, रडू नकोस. अजून भरपूर वेळ आहे. टॅक्सी नंतर बघू. आधी मला सांग, किल्ली फिरवल्यावर काय होतं?

टक?… एकच टक, की टक-टक-टक-टक?… एकच. बरं.

बाबा काय म्हणतात?… स्टार्टर गेला. म्हणू देत… हो, माहितीये, तीस वर्षं ट्रक चालवलाय त्यांनी. अगं ऐक ना, मीही गॅरेजच चालवते, भाजी नाही विकत!

आता पुढचे दिवे लाव. लागले?… लख्ख? छान. दिवे तसेच ठेव आणि किल्ली फिरव. समोरच्या भिंतीवर बघ, उजेडाचं काय होतं ते सांग…

पार गेला? आणि किल्ली सोडल्यावर परत आला?… मग स्टार्टरला काही झालेलं नाही. त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाहीये… नाही गं, बॅटरी कशी उतरेल? रविवारी मीच नवी बसवली की!

बॉनेट उघड… तुझ्या पायापाशी डाव्या हाताला खटका आहे, तो ओढ… हां. अहो काका, तुमच्या गाडीचं बघते, दोन मिनिटं बसा… तुला नाही गं, गिऱ्हाईक आहे. उघडलं? किल्ली काढून घे आधी. आता बॅटरी दिसते ना? तिच्यावर दोन वायरी. काळी धर. जाड टोपण आहे ना, ते हाताने फिरतंय का बघ…

फिरतंय?

…गोल फिरतंय?

आई, ते मी पान्याने आवळलं होतं. आपोआप सुटायचं नाही ते… लाल बघ… ती घट्ट आहे. हं.

सकाळी खाली कोण आलं होतं गं?… बाबा? एकटे?… पाय मोकळे करायला. अस्सं.

काही नाही, हसू आलं. अगं, चोर असता तर बॅटरीच नेली असती. पोरं असती तर हाताला येईल ती वायर ओढली असती. आधी काळीलाच हात घालायचा, ही शिस्त मला कोणी शिकवली?… आणि पूर्ण काढलीही नाही. काढली असती तर दिवेच लागले नसते, तू लगेच बॉनेट उघडलं असतंस. नुसती सैल केली. म्हणजे टक होईल आणि आपण दिवसभर स्टार्टर खोलत बसू!

दिसत नसलं म्हणून काय झालं? अंधारात इंजिन उतरवणारा माणूस आहे तो… आई, ओरडू नकोस त्यांच्यावर. ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला खोकला, मग दिलेल्या दुसऱ्या तारखेला पोटात दुखलं, आणि आज हे. आता आणखी थांबलो तर अवघड होईल, डॉक्टरांनी बजावलंय ना? मग फोन दे त्यांच्याकडे… ‘झोप लागलीय’ म्हणतायत? दे तू!

बाबा… पाना कुठल्या खिशात आहे?

बाबा, मी रागावलेली नाही. खरंच… हो… हो…

ऑपरेशनमध्ये आहे ती नजरही जाईल असं वाटतंय?… म्हणजे आत्ता निदान आईची सावली तरी दिसते, तीही दिसायची नाही… अहो बाबा, मग हे आधी बोलायचं नाही का? स्टार्टरवर कशाला ढकलता बिचाऱ्या!

मलाही भीती वाटते. रात्रभर कूस बदलत होते मी. पण मी डॉक्टरांना सगळं विचारलंय, तुम्ही गाडी घ्यायच्या आधी विचारायचात ना, तसं खोदून खोदून. एकच डोळा करणार आहेत. मला पटलंय, म्हणून पाठवतेय. ऐकाल माझं?

…

हं. मग गाडीतून उतरा आणि तुमच्याच हाताने आवळा… आईला नको, ती आटे घालवेल. फोन द्या तिच्याकडे.

आई, मध्ये बोलू नकोस. करू दे त्यांना… चाचपडतायत? चाचपडू देत… झालं? टोपण फिरवून बघ… हलत नाही ना? बस आत. मार किल्ली.

…आहाहा! ऐकू आली मला! काय? घरी परत येईपर्यंत गाडी बंदच करणार नाहीस?… अगं, तिथे हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बंद कर की, पेट्रोल काय जाळत बसतेस! परत चालू होईल, मी सांगते ना. बाबांना दे.

बाबा, निघा. मी सरळ तिकडेच येते, दारात उभी राहते… गर्दीत दिसणार नाही? नका बघू. मी हाक मारीन.

पट्टी काढल्यावर मात्र हाक नाही मारणार हं. तेव्हा तुम्ही ओळखायचं मला… बरं, पट्टा लावा. ठेवते.