खालच्या खोलीतला आवाज

(उत्तर डकोटातला क्षेपणास्त्रांचा तळ, दुपार. कॅप्टन रॉइस स्टॉलर्ड आणि त्याच्या क्लिअरन्सची, म्हणजे गुप्त कामाच्या परवान्याची, चौकशी करायला आलेल्या मार्लीन वॉइट.)

वॉइट : पाणी घ्या. घाई नाहीये. तर झोपेचं सांगत होतात.

स्टॉलर्ड : झोप उत्तम लागते, म्हणालो ना मॅडम.

वॉइट : तुमची बायको म्हणते, तुम्ही गॅरेजात गाडीत बसून असता. कुणाशी तरी बोलत.

स्टॉलर्ड : रेडिओ ऐकतो. त्यात काय?

वॉइट : गाडीची बॅटरी थंडी सुरू झाल्यापासून काढून ठेवलीय म्हणाली.

स्टॉलर्ड : ...क्लिअरन्स काढून घ्यायचाच असेल तर सरळ घ्या. असे वळसे कशाला?

वॉइट : काढून घ्यायचाच असता तर पत्र धाडलं असतं, एवढा बर्फ तुडवत आले नसते. डेल लिंडक्विस्टबद्दल बोलू या.

स्टॉलर्ड : डेल गेला. आता काय बोलायचं? वर्षानुवर्षं आम्ही दोघं जमिनीखाली एका खोलीत. दोन खुर्च्या, क्षेपणास्त्रं सोडायच्या दोन किल्ल्या. बायकोपेक्षा जास्त त्याच्याजवळ बसलोय.

वॉइट : तो आतून खचत चालला होता, हे तुम्हांला ठाऊक होतं.

स्टॉलर्ड : होतं. पार फार्गो शहरात जाऊन डॉक्टरला दाखवायचा, मेव्हण्याच्या नावानं. इथं कळलं की किल्ली गेली, ही धास्ती. मग तेही जाणं सोडलं. मला म्हणाला, तोंड उघडू नकोस. नाही उघडलं. एप्रिलात गोठलेल्या तळ्यावर चालत गेला. बर्फ पातळ झालाय हे त्याला काय ठाऊक नव्हतं?

वॉइट : डॉक्टरकडे गेला एवढ्यावरून किल्ली जात नाही, कॅप्टन. थोडे दिवस वर, जमिनीवरच्या कामाला बसवलं असतं. लपवणं, खोटं नाव सांगणं, ते अंगाशी येतं.

स्टॉलर्ड : भिंतीवर लिहिलंय तसं. पण डॉक्टरकडे जाऊन पुन्हा खाली आलेला माणूस आम्ही कधी पाहिला नाही.

वॉइट : यात तुमचं म्हणणं चूक नाही. तरी सांगा. खाली काय होतं?

स्टॉलर्ड : एकानं सूचना मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं 'झालं' म्हणायचं. हल्ली माझ्या जोडीला जोलीन प्रुइट असते. मी वाचतो, आणि तिनं तोंड उघडायच्या आत डेल म्हणतो, 'झालं'. तसाच, नाकातून. मी चोरून जोलीनकडे बघतो. तिला ऐकू जात नाही, एवढं नशीब.

वॉइट : तिला ऐकू जातं.

स्टॉलर्ड : काय?

वॉइट : तिनंच कळवलं आम्हांला. डेलला तिनं जन्मात पाहिलेलं नाही. त्याच्या आवाजाची जुनी फीत मी ऐकवली, तशी पांढरीफटक पडली. हाच तो, म्हणाली.

स्टॉलर्ड : म्हणजे... म्हणजे मला भास होत नाहीत.

वॉइट : रॉइस, तो आवाज तुमच्या तोंडातून येतो. तुमचे ओठ हलताना तिनं पाहिलेत.

स्टॉलर्ड : ...खिडकी लावता का जरा?

वॉइट : लावलेलीच आहे.

स्टॉलर्ड : मला का नाही बोलली ती? शेजारी तर बसते.

वॉइट : तुम्हीही डेलच्या शेजारीच बसत होतात.

स्टॉलर्ड : ...हा घ्या बिल्ला. लिहा, झोपेचं मी खोटं सांगितलं. डेलचंही ठाऊक असून दडवलं. डॉक्टरकडे आजच जातो, माझ्या नावानं.

वॉइट : बिल्ला आपणहून दिला, असं लिहिते. त्याला वजन असतं. पण परत मिळेलच, असं वचन नाही देत.

स्टॉलर्ड : वचन नकोच.

वॉइट : आणि त्यापुढं काय म्हणालात?

स्टॉलर्ड : काही नाही. वचन नको, एवढंच.

वॉइट : नाही. नंतर तुमचा आवाज बदलला.

स्टॉलर्ड : या वेळी मला नाही ऐकू आलं, मॅडम. काय म्हणाला तो?

वॉइट : 'झोप तू. मी बघतो.'

स्टॉलर्ड : खाली जागायची पाळी बदलताना असंच म्हणायचा. आणि मी खुशाल झोपायचो.